आभाराच्या पत्राची प्रत

दादाचा गुडघा सुजण्याआधी गरम होतो. सूज डोळ्यांना दिसायला दोन-तीन तास लागतात, पण त्याआधीच कातडीखाली ऊब जाणवायला लागते, गरम कप ठेवून उचलल्यावर टेबलावर राहते तशी. आमच्या घरात सकाळचं पहिलं काम हेच असतं. मी हाताची मागची बाजू त्याच्या डाव्या गुडघ्याला लावते, मग उजव्याला, आणि दोन्हींचा अंदाज घेते. दादा तेव्हा मोबाईल बघत असतो. माझ्याकडे बघत नाही. मी "थंड आहे" म्हणाले की तो पाय खाली सोडतो.

उजवा गुडघा आता फक्त या तुलनेपुरताच उरलाय. मी शाळेत होते तेव्हाच तो गेला. तो धड सरळ होत नाही आणि धड वाकतही नाही. दादाला हिमोफिलिया आहे. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या रक्तात जवळजवळ नाहीच. अशा माणसाला कापलं की रक्त थांबतच नाही, असं लोकांना वाटतं. खरा त्रास वेगळा असतो. रक्त आतल्या आत वाहतं, सांध्यांमध्ये, कधी कधी काही लागलेलंही नसताना, आणि सांध्याला आतून खाऊन टाकतं. तो घटक इंजेक्शनने देता येतो. लवकर द्यावा लागतो, पहिल्या दोन-तीन तासांत दिला तर उत्तम. त्याला सगळे फॅक्टरच म्हणतात. बाहेर विकत घेणं आमच्या आवाक्यातलं नाही. सरकारी रुग्णालयात फुकट मिळतो. मिळतो तेव्हा मिळतो.

"डावा सांभाळा," डॉक्टर म्हणाले होते. "अजून एक-दोन मोठे रक्तस्राव झाले तर हाही तसाच होईल."

दादा बिबवेवाडीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो. क्लास दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तो डावा पाय आधी वर टाकतो आणि उजवा मागून ओढून घेतो. म्हणजे त्याची नोकरी त्या एका गुडघ्यावर उभी होती, आणि गुडघा रुग्णालयातल्या फॅक्टरच्या फ्रीजवर. हे आम्ही घरात कधी बोलून दाखवलं नाही.

माझ्याबद्दल सांगायचं तर फारसं काही नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या शाळेत मराठी हा एक विषय होता, तोही मी काठावर पास होत गेले. मी घरून काम करते, कंपनीच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवते. हा आजार आईकडून मुलाकडे येतो, आणि मुलीकडे आला तर तिच्यातून पुढे जाऊ शकतो. माझी तपासणी मी अजून केलेली नाही. कुणी विचारलं की मी विषय बदलते.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. कालव्यांची, पाणी सोडण्याची, शेतकऱ्यांच्या अर्जांची पत्रं त्यांनी तीस-बत्तीस वर्षं लिहिली. निवृत्त झाल्यावरही त्यांची ती सवय गेली नाही. त्यांचा एक नियम होता. कुणी काम केलं की आठ दिवसांच्या आत आभाराचं पत्र गेलंच पाहिजे. गॅसवाल्याने जास्तीची रबरी नळी बसवून दिली, पत्र. बसमध्ये विसरलेली छत्री वाहकाने आगारात जमा केली, पत्र. प्रत्येक पत्राची एक स्थळप्रत त्यांच्या फाइलमध्ये. दादा म्हणायचा, "बाबा, तुम्ही यमालाही पोच द्याल."

"देईन की," बाबा म्हणायचे. "वेळेवर आला तर."

*

त्या वर्षी फॅक्टर नसण्याचे दिवस वाढायला लागले. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून एकदा. रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीत बसणारा माणूस वाईट नव्हता. तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, "नाहीये. सोमवारी बघा." सोमवारी म्हणायचा, "गुरुवारी गाडी येईल." गाडी कुठून येते, कोण पाठवतं, का थांबते, हे त्यालाही ठाऊक नसावं. तो सांगायचा आणि आम्ही ऐकून परत यायचो. सगळं तोंडी होतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या खिडकीसमोरच्या बाकावर आपा भेटल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेल्या. त्यांचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. त्यांच्या वडिलांच्या आधीपासूनचं दुकान आहे. त्याचा उजवा कोपर जात चालला होता, आणि कोपर गेला तर दुकानही गेलं. आम्हा दोघींचं दुखणं एकच होतं, प्रत्येकीचा एक भाऊ. पण मी बाकाच्या कडेला बसून मोबाईल बघायचे आणि आपा येईल त्याचा नंबर घ्यायच्या. अशी अकरा कुटुंबं त्यांनी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गोळा केली.

"बेटा, तुझ्याकडे लॅपटॉप आहे?" त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं.

"हो."

"मराठी टाइप येतं?"

"हळूहळू."

"हळूच कर. इथं कोणाला घाई आहे?" त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या.

आपांच्या माहेरच्या ओळखीतून एका आमदारांच्या कार्यालयात वेळ मिळाली. ते आमच्या मतदारसंघाचे नव्हते, पण आरोग्याच्या प्रश्नांवर सभागृहात बोलतात असं आपांनी ऐकलं होतं. आम्ही पाच जण गेलो. आपा, मी, बाबा, आणि आणखी दोन मुलांचे वडील. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात निवेदन होतं, चार प्रतींत.

तळमजल्यावरच्या त्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या तीन रांगा होत्या. कुणाला दाखला हवा होता, कुणाला बदली, कुणाला गल्लीतला गतिरोधक. टेबलामागे आमदारांचे पीए बसले होते. पस्तिशीचे असतील. समोरचा बोलत असताना ते त्याच्या हातातला कागद उलटा वाचायचे, म्हणजे तो पुढे करेपर्यंत त्यांचं वाचून झालेलं असायचं. आमचं निवेदन त्यांनी तसंच वाचलं.

"चांगलं लिहिलंय," ते बाबांना म्हणाले. "सरकारी नोकरीत होता?"

बाबांचा चेहरा खुलला.

"पण याचं काय होतं सांगू? साहेब यावर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' लिहून पुढे पाठवतात. पुढचे त्याच्या पुढे पाठवतात. आणि शेवटी हे फिरून त्याच खिडकीत येतं." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "तुम्हाला प्रश्न हवा. सभागृहात. मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं."

मग त्यांनी प्रश्न कसा असतो ते सांगितलं. तक्रार लिहायची नाही, विनंती लिहायची नाही. फक्त 'हे खरे आहे काय' असं विचारायचं. मग 'असल्यास'. मग 'शासनाने कोणती कार्यवाही केली'. आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय'. अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो. उत्तर छापून येतं. छापून आलं की खात्याला ते नाकारता येत नाही.

मी एका कोपऱ्यात उभी राहून हे सगळं मोबाईलमध्ये टाइप करत होते. पीएंचं लक्ष गेलं.

"या ताई पत्रकार आहेत का?"

"नाही," मी म्हणाले. तिथे मी बोललेला तेवढाच एक शब्द.

आमदार आले तेव्हा दोन मिनिटं मिळाली. आपा बोलल्या. त्यांनी आजाराचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "साहेब, माझ्या भावाचं दुकान उघडं आहे, पण हात बंद होत चाललाय." आमदार खरंच ऐकत होते असं मला वाटलं. मग सगळ्यांनी निवेदनाची एकेक बाजू धरली आणि फोटो निघाला. फोटोत मी नाही. मी काढला.

बाहेर पडताना पीए म्हणाले, "फोटो ग्रुपवर टाका. निम्म्या लोकांना त्यानेच बरं वाटतं."

*

प्रश्न मी लिहिला. बाबांनी शब्द दुरुस्त केले. रुग्णालयात इंजेक्शन वारंवार उपलब्ध नसते, हे खरे आहे काय. त्यामुळे रुग्णांना कायमचे अपंगत्व येत आहे, हे खरे आहे काय. 'खरे' हा शब्द मी इतक्या वेळा टाइप केला की तो मला अनोळखी दिसायला लागला. प्रश्न गेला, स्वीकारला गेल्याचं कळलं. आपांनी ग्रुपवर मिठाईचं चित्र टाकलं.

मग महिनाभराने दादाच्या खांद्यात रक्त उतरलं. खिडकीत नेहमीचं उत्तर मिळालं. बाबांनी न राहवून पीएंना फोन केला. पीएंनी आणखी कुणाला तरी केला, आणि दुसऱ्या एका गावच्या रुग्णालयातून दुपारपर्यंत चार बाटल्या आल्या. थर्माकोलच्या डब्यात, वर दादाचं नाव लिहून. खांदा वाचला. त्या संध्याकाळी आईने शिरा केला होता, हे मला आठवतं, आणि दादाने डाव्या हाताने खाल्लेला.

आठव्या दिवशी बाबा माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"घे लिहून, आमदारांना. महोदय, आपल्या प्रयत्नांमुळे हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी आवश्यक असलेले औषध तत्परतेने उपलब्ध झाले. त्याबद्दल आम्ही सर्व रुग्ण व नातेवाईक आपले व आरोग्य विभागाचे मनःपूर्वक आभारी आहोत."

माझी बोटं 'रुग्णांसाठी' या शब्दावर थांबली. एका रुग्णासाठी, चार बाटल्या, दुसऱ्या गावाहून. मला हे दिसलं. इतकं स्पष्ट दिसलं की मी कर्सर मागेही नेला होता. पण मला वाटलं, आभाराच्या पत्रात मोजमाप लिहिलं तर कोतेपणा दिसेल. वाटलं, पत्राची रीत बाबांना माहीत, मला काय कळतं. मी कर्सर पुढे नेला.

"आणि खाली लिही," बाबा म्हणाले, "प्रत माहितीसाठी सादर. एक, वैद्यकीय अधीक्षक. दोन, उपसंचालक, आरोग्य."

"त्यांना कशाला?"

"अगं, त्यांनाही बरं वाटेल. कुणी चांगलं म्हणत नाही त्यांना."

त्यांनी स्वतः पोस्टात जाऊन तिन्ही पाकिटं टाकली.

*

प्रश्नाला मंत्र्यांचं उत्तर आलं तेव्हा मी एका मीटिंगमध्ये होते. पीएंनी आपांना छापील पानाचा फोटो पाठवला, आपांनी ग्रुपवर टाकला. मी मोठा करून वाचला. मला मराठी वाचायला वेळ लागतो, पण ते चार ओळींचंच होतं.

एक, हे खरे नाही. दोन, हे खरे नाही. तीन, औषध उपलब्ध असून रुग्ण व नातेवाइकांनी पत्राद्वारे शासनाचे आभार मानले आहेत. चार, प्रश्न उद्भवत नाही.

कॅमेरा बंद होता म्हणून बरं. बाजूच्या खोलीत दादा मुलांचे पेपर तपासत होता. पानं उलटण्याचा आवाज येत होता. मी बाबांना लगेच सांगितलं नाही. त्यांच्या फोनवरही तो फोटो आलेलाच होता. दुपारी चहाच्या वेळी ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फाइल होती आणि बोट त्या स्थळप्रतीवर होतं.

संध्याकाळी एका मुलाच्या वडिलांनी लिहिलं, 'आमच्या नावाने आभार कोणी मानले?' आणि ते ग्रुपमधून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी आपा घरी आल्या. सोफ्याच्या कडेला बसल्या. आईने चहा ठेवला, त्यांनी कपाला हात लावला नाही.

"काका, एक विचारू? रागाने नाही विचारत."

"विचारा."

"आमच्यातही कुणी पाणी दिलं तर शुक्रिया म्हणतात. पण ज्याने प्यायलं तो म्हणतो. बाकीच्या दहा घरांची जीभ अजून कोरडीच आहे, त्यांच्या वतीने तुम्ही म्हणालात."

बाबांनी फाइल त्यांच्यापुढे ठेवली. "प्रत मीच पाठवली," ते म्हणाले. "कुणी मागितली नव्हती."

मी दारात उभी होते. मला दिसलं होतं, एवढे तीन शब्द मला बोलता आले असते. मी आपांचा गार झालेला चहा उचलून आत नेला.

त्या आठवड्यात आपा आणि मी दोघीच पीएंकडे गेलो. त्यांनी आम्हाला ओरडायला हवं होतं. ते तसं काही बोलले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्याकडे लेखी काय आहे? औषध नव्हतं याचं?"

आपा माझ्याकडे बघायला लागल्या. मी मनात सगळे सोमवार आणि गुरुवार आठवले. कपाळावरचा चष्मा. गाडी येईल. इतक्या दिवसांत त्या खिडकीतून आम्हाला एक चिठ्ठीसुद्धा मिळाली नव्हती. या सगळ्या प्रकरणात आमच्या बाजूने लेखी असं एकच होतं, आम्ही मानलेले आभार.

"मग 'नाही' हे लिहून आणा," पीए म्हणाले. "केसपेपरवर. तारीख, सही, शिक्का. पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारू. साहेबांची ना नाही. पण साहेबांना उभं राहून बोलायचंय. हातात कागद लागतो."

परतीच्या बसमध्ये मी आपांना सांगितलं. बाबांनी पत्र सांगितलं तेव्हा मला ते दिसलं होतं, मी थांबले होते, आणि मग तसंच लिहिलं.

त्यांनी हातातल्या तिकिटाची घडी घातली. मग म्हणाल्या, "दिसत होतं तर बोलायचं होतंस ना, बेटा."



*

'नाही' लिहून मिळत नाही, हे पुढच्या दोन महिन्यांत कळलं. ग्रुपमधले जे कोणी खिडकीवर जात ते मागत. खिडकीतला माणूस चष्मा कपाळावरून खाली घेऊन म्हणायचा, "आमच्या रजिस्टरला 'दिलं' असा रकाना आहे. 'नाही दिलं' असा रकानाच नाही." वर पाठवायचा. वरचे म्हणायचे, खिडकीतून आणा. आणि गुडघा, कोपर, घोटा वाट बघत नसतो. माणसं शेवटी कागद सोडून औषधाच्या मागे पळायची. आणि का पळू नये?

बाबांनी त्या दिवसांत एक पत्र लिहिलं. आधीचं पत्र एका रुग्णापुरतं, चार बाटल्यांपुरतं होतं, बाकीच्या रुग्णांना औषध मिळालेलं नाही, सबब ते आभार मागे घेण्यात येत आहेत. प्रती त्याच दोघांना. त्यांनी आयुष्यात मागे घेतलेलं हे पहिलं पत्र. पोच आली नाही. टपालवाला दिसला की ते जिन्यापर्यंत जायचे.

मग एका मंगळवारी मी हात लावला आणि डावा गुडघा गरम होता.

मी हात काढून परत लावला. उजव्याला लावला. परत डाव्याला. दादाने मोबाईल खाली ठेवला.

"काल जिन्यात जरा वळला होता," तो म्हणाला. "काही विशेष नाही."

रिक्षात बाबा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसले. मी मागे, दादाचा पाय माझ्या मांडीवर, त्यावर आईने रुमालात बांधून दिलेला बर्फ. खिडकीवर पोचलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं, कारण मला माहीत होतं मी काय विचारणार आहे.

"नाहीये," तो म्हणाला. "शुक्रवारी—"

"लिहून द्या."

माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. रांगेतली बाई मागे वळली.

"ताई, सांगितलंय ना, वर जा."

मी वर गेले. अधीक्षक मीटिंगमध्ये होते. बाहेरच्या लिपिकाने बसायला सांगितलं. मी बसले नाही, टेबलासमोर उभी राहिले. मी आयुष्यात कधी कुणाच्या टेबलासमोर अशी उभी राहिले नव्हते. पंधरा मिनिटांनी खाली येऊन बघितलं. दादा बाकावर पाय लांब करून बसला होता, टाच बाबांच्या मांडीवर. बर्फाचं पाणी होऊन बाबांची पँट भिजली होती. त्यांच्या हातात फोन होता, स्क्रीनवर पीएंचा नंबर.

"मी लावतो," बाबा म्हणाले. "पुरे झालं हे."

"थांबा बाबा," दादा म्हणाला. "फोन केला की परत फक्त मला मिळेल."

"मिळू दे की!"

"आणि मग तुम्ही परत पत्र लिहाल."

तो हसत होता. कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. "आधी कागद," तो मला म्हणाला. "जा तू."

मी गेले. पुन्हा खाली आले, पुन्हा वर गेले. दर वेळी गुडघा वेगळा दिसत होता. आधी त्याची वाटी दिसेनाशी झाली, मग पँटची शिवण ताणली गेली. बाराच्या सुमारास अधीक्षक बाहेर आले. मी केसपेपर पुढे केला आणि म्हणाले, "इंजेक्शन नाही असं यावर लिहून हवंय. सभागृहात ते आहे असं उत्तर दिलंय." वाक्य मी पायऱ्यांवर पाठ केलं होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग लिपिकाला म्हणाले, "द्या. वस्तुस्थिती आहे ती द्या."

लिपिकाने लिहिलं. फॅक्टर उपलब्ध नाही. तारीख. सही. शिक्क्यासाठी दुसऱ्या खोलीतली बाई जेवून येईपर्यंत थांबावं लागलं.

"वेळ पण लिहा," मी म्हणाले. "आम्ही आलो ती आणि आत्ताची."

"वेळ कशाला हो?"

"लिहा."

त्याने लिहिली. नऊ दहा. बारा पंचावन्न.

मग बाबांनी फोन लावला. बाटल्या संध्याकाळी आल्या.

*

डावा गुडघा पूर्ण गेला नाही. आता तो साधारण काटकोनाच्या थोडं अलीकडे अडतो. दादा जिना एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढतो, एक हात कठड्याला. क्लासवाल्यांनी त्याला सकाळची एकच बॅच ठेवलीय. डॉक्टरांना मी एकदा विचारलं, नऊ वाजताच फोन केला असता तर? बाटल्या कदाचित दुपारी आल्या असत्या, खांद्याच्या वेळी आल्या तशा. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दादाने एकदाही विचारलं नाही.

मी आणि आपा तो केसपेपर घेऊन पीएंकडे गेलो. त्यांनी तो या वेळी सुलटा धरून वाचला. दोन्ही वेळांवर बोट फिरवलं.

"हे चालेल," ते म्हणाले. "फार चांगलं झालं हे."

मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे कागद. पण एकाने भागणार नाही. एखाद्या दिवशीची अडचण होती म्हणतील. दहा आणा. वेगवेगळ्या तारखांचे. दहा असले की साहेब लक्षवेधी लावतील, मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागेल."

आपांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर त्या पायरीवर थांबल्या आणि ओढणी सारखी करत राहिल्या.

"दहा म्हणाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"दहा कागद म्हणजे काय, त्याला माहीत आहे?"

मला वाटतं त्यांना माहीत होतं. ते दयाळू आहेत आणि त्यांना त्यांचं काम येतं. काम असंच होतं.

लिपिक आता लिहून देतो. एकदा लिहिलं की हाताला सवय होते. फाइल माझ्याकडे आहे, बाबांनी वर पांढरी चिठ्ठी चिकटवून विषय लिहून दिलाय. प्रत्येक कागदाच्या चार छायाप्रती असतात. माहितीसाठी कुणालाच पाठवत नाही. दुसरा कागद एका मुलाच्या घोट्याचा. तिसरा एका कॉलेजच्या मुलाचा, मांडीतला. चौथा आपांच्या भावाचा कोपर. तो आणून देताना आपांनी शिक्का नीट उमटलाय का ते उजेडात धरून बघितलं. जे वडील ग्रुपमधून बाहेर पडले होते ते परत आले, सहावा कागद घेऊन.

ग्रुपवर मेसेज वाजला की आता कुणाचा सांधा, ही धास्ती आधी येते. आणि त्या धास्तीच्या जोडीला आणखी काहीतरी येतं, अर्धा क्षण, मोजण्यासारखं. ते काय आहे ते मला कळतं. मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

काल पीएंचा फोन आला होता. अधिवेशन जवळ आलंय, किती झाले म्हणून विचारत होते. मी सहा म्हणाले. ते म्हणाले, बघा जमतंय का.

आज सकाळी मी दादाच्या गुडघ्याला हात लावला. आधी डाव्याला, मग उजव्याला. तो मोबाईल बाजूला ठेवून माझ्याकडेच बघत होता.

"थंड आहे," मी म्हणाले.

"मग चार कुठून आणणार?" तो म्हणाला, आणि हसला.

मी हात तसाच ठेवला, अजून थोडा वेळ.